लेण्याद्रीच्या खोल्यांतले गुरुशिष्य



तुमच्यापैकी बरेच जण लेण्याद्रीला जाऊन आले असतील. अष्टविनायकांपैकी डोंगराच्या पोटात, कोरीव लेण्यात बसलेला गणपती हा एवढाच. जुन्नरहून कुकडी ओलांडून गोळेगावला यायचे, माकडांपासून नारळ सांभाळत तीनशेच्या आसपास पायऱ्या चढायच्या आणि धापा टाकत गिरिजात्मजासमोर हात जोडायचे. दर्शन झाले की क्षणभर टेकायचे, समोर पसरलेले जुन्नरचे खोरे आणि शिवनेरीचा माथा पाहायचा, आणि उतरणीला लागायचे.

मी इतिहासाचा शिक्षक. दरवर्षी थंडीच्या दिवसांत मुलांना घेऊन तिथे जातो. दर्शन झाले की मी मुलांना म्हणतो, "जरा थांबा. आता देवाकडे पाठ न करता डावीउजवीकडे बघा." ज्या मंडपात आपण उभे असतो तो भलामोठा आहे, पन्नास फुटांहून अधिक लांब आणि जवळजवळ तितकाच रुंद, आणि एवढ्या छताला मध्ये एकही खांब नाही. मंडपाच्या दोन्ही अंगांना सात-सात आणि मागच्या भिंतीला सहा, अशा वीस खोल्या मुळात कोरलेल्या. मागच्या भिंतीतल्या मधल्या दोन खोल्या एक करून पुढे तिथे गणपतीचे स्थान झाले. बाकीच्या खोल्या तशाच आहेत. त्यांच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. मुले विचारतात, "सर, या खोल्या कशाच्या?" कोणीतरी मागून हमखास सांगतो, "पांडवांनी एका रात्रीत खोदल्या."

पांडवांनी नव्हे. साधारण अठराशे ते एकोणीसशे वर्षांपूर्वी इथल्या माणसांनी, छिन्नी-हातोड्याने, वर्षानुवर्षे खपून त्या कोरल्या. आणि कोणाच्या पैशाने कोरल्या तेही काही ठिकाणी दगडावर लिहून ठेवले. त्या खोल्यांत बौद्ध भिक्षू राहत. आज मला बोलायचे आहे ते त्या खोल्यांत राहणाऱ्या माणसांविषयी, आणि विशेषतः एका प्रश्नाविषयी. घरदार सोडून आलेला एखादा तरुण त्या अंधाऱ्या खोलीत राहायला आला, आणि महिन्याभरात त्याचे मन उडाले, आजारी पडला, घरची आठवण येऊन रडू लागला, तर त्याला कोण सांभाळत असे? आणि कसे?

पण आधी जागेविषयी थोडे. जुन्नर हे त्या काळी आडवळणाचे गाव नव्हते. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून माल निघे, नाणेघाट चढून वर येई आणि जुन्नरवरून पैठणकडे जाई. त्या घाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आजही आहे. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, जकातीचा रांजण म्हणून तो सगळ्यांना ठाऊक असतो. अशा वाटेवरच्या गावाभोवती मानमोडी, शिवनेरी, तुळजा आणि लेण्याद्री या डोंगरांत मिळून पावणेदोनशेच्या वर लेणी कोरली गेली. लेण्याद्रीचे चैत्यगृह, म्हणजे आत स्तूप असलेले प्रार्थनेचे लेणे, कल्याणच्या एका हेरण्यकाच्या, म्हणजे सोन्यानाण्याचा कारभार पाहणाराच्या, सुलसदत्त नावाच्या मुलाने दिले. शिवनेरीवर चिट नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या परदेशी माणसाने, संघाला भोजनमंडप दिला. आणखी एका लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दिल्याचे म्हटले आहे. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. बघा, दाते कोण आहेत? राजे थोडे, सोनार, धान्यव्यापारी, परगावचे आणि परदेशचे लोक फार. दान तरी कशाचे? राहण्याच्या खोलीचे, पाण्याचे, जेवायला बसण्याच्या जागेचे.

आता खोलीत जाऊ. दाराशी किंचित वाकावे लागते. आत एक माणूस आडवा होईल एवढी जागा. पावसाळ्याचे चार महिने आठवा. आपल्या मावळातला पाऊस तुम्हाला सांगायला नको. भिक्षूंनी एरवी फिरत राहावे, पण पावसाळ्यात एका जागी राहावे, असा नियम होता. त्याला वर्षावास म्हणत. सगळीकडे धुके, अंगावरचे चीवर ओले, भिक्षेला खाली उतरायची वाट निसरडी, आणि वीस खोल्यांत वीस तऱ्हेची माणसे. अशा ठिकाणी नव्या माणसाचे काय होत असेल याची कल्पना आपण करू शकतो.

बौद्ध संघाचे नियम ज्यात आहेत त्याला विनयपिटक म्हणतात. संघाच्या शाखा अनेक होत्या आणि त्यांच्या नियमांत थोडेफार फरक होते, पण गुरुशिष्यांची चौकट बहुतेकांची सारखीच होती. पाली विनयात ही चौकट कशी तयार झाली याची हकिकत आहे आणि ती मोठी मनोरंजक आहे. सुरुवातीला नव्या भिक्षूंना कोणी गुरू नेमून दिलेला नसे. दीक्षा घेतली की झाला भिक्षू. मग झाले काय, ही नवी मंडळी वेडीवाकडी वस्त्रे लपेटून भिक्षेला जाऊ लागली. लोक जेवायला बसले असताना त्यांच्या ताटावरच आपले पात्र धरू लागली, भात द्या, वरण द्या म्हणून मागू लागली, पंगतीत आरडाओरडा करू लागली. लोक नावे ठेवू लागले. तेव्हा बुद्धांनी नियम केला की प्रत्येक नव्या भिक्षूला एक उपज्झाय, म्हणजे उपाध्याय असावा. शिष्याला नाव दिले सद्धिविहारिक. या शब्दाचा अर्थ सरळ आहे: बरोबर राहणारा. शिकणारा नव्हे, सेवा करणारा नव्हे, बरोबर राहणारा. उपाध्यायाने त्याला मुलाच्या ठिकाणी मानावे आणि त्याने उपाध्यायाला बापाच्या ठिकाणी.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, यात नवीन ते काय? गुरू बाप आणि शिष्य मुलगा, हे तर आपण सगळीकडेच ऐकतो. थांबा, पुढे गंमत आहे.

शिष्याची कर्तव्ये विनयात फार बारकाईने दिली आहेत. पहाटे उठून उपाध्यायाला दातवण द्यावे, तोंड धुवायला पाणी द्यावे, आसन मांडावे, पेज असेल तर भांडे धुऊन पेज द्यावी. त्यांच्यामागून चालताना फार दूर राहू नये, फार जवळही जाऊ नये. ते बोलत असता मध्ये बोलू नये. परंतु लगेच पुढे म्हटले आहे की उपाध्याय बोलता बोलता दोषाच्या काठाशी आले तर शिष्याने त्यांना आवरावे! आणि त्याहून पुढे: उपाध्यायाचे मन धर्मजीवनावरून उडाले तर शिष्याने त्यांची समजूत घालावी, नाहीतर ज्याला जमेल त्याच्याकडून घालवावी. उपाध्यायाच्या मनात शंका-पश्चात्ताप उठला तर शिष्याने तो दूर करावा. उपाध्याय आजारी पडले तर ते बरे होईपर्यंत त्यांच्याजवळ राहावे.

म्हणजे गुरूचे मनही उडू शकते, गुरूही चुकतो, गुरूही रात्री डोळे उघडे ठेवून पडतो, हे त्या संघाने नियमातच धरून चालले होते. लपवले नव्हते.

आणि आता उलट बाजू. उपाध्यायाने शिष्याला शिकवावे, प्रश्न विचारावेत, सल्ला द्यावा हे ओघाने आलेच. आपल्याकडे भिक्षापात्र असेल आणि शिष्याकडे नसेल तर आपले द्यावे. शिष्याचे मन उडाले तर त्याची समजूत घालावी. आणि शिष्य आजारी पडला तर काय? तर पहाटे उठून उपाध्यायाने शिष्याला दातवण द्यावे, तोंड धुवायला पाणी द्यावे, आसन मांडावे, भांडे धुऊन पेज द्यावी. तेच शब्द, तीच कामे, तोच क्रम. वर शिष्याने गुरूची जी चाकरी करायची म्हणून सांगितली, तीच वेळ आली की गुरूने शिष्याची करायची. मी हा भाग पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटले की छापताना पान दोनदा लागले की काय! पण तसे नव्हते.

उपाध्याय होण्यासाठी दहा वर्षांचा अनुभव लागे. त्यालाही कारण घडले होते. एका भिक्षूने, स्वतःला दीक्षा घेऊन जेमतेम वर्ष झाले असता, एक शिष्य केला. बुद्धांनी त्याला चांगलेच खडसावले, की ज्याला अजून दुसऱ्याने सांभाळायला हवे तो दुसऱ्याला काय सांभाळणार? मग दहा वर्षांची अट आली. पण शिक्षकहो, तेवढ्याने भागले नाही. दहा वर्षे पुरी झालेले काही जण निव्वळ वर्षांच्या जोरावर शिष्य करू लागले. गुरू अडाणी आणि शिष्य शहाणा असा प्रकार दिसू लागला. तेव्हा अट वाढवली, की दहा वर्षे तर हवीतच, पण माणूस त्या कामाला समर्थही हवा. सेवाज्येष्ठता आणि पात्रता यांचा हा झगडा किती जुना आहे पाहा.

आता एक गोष्ट सांगतो. राजगृहाच्या बाजूला एक म्हातारा ब्राह्मण होता. विनयात त्याचे नाव नाही, पण नंतरच्या टीकाग्रंथांत त्याला राध म्हटले आहे. गरीब झालेला, घरात कोणी विचारीना, म्हणून तो भिक्षूंच्या विहारात येऊन राहिला. गवत काढावे, अंगण झाडावे, पाणी आणून द्यावे, असे त्याचे चालले होते. भिक्षू त्याला जेवू घालत. पण दीक्षा द्यायला कोणी तयार होईना. म्हातारा माणूस, कोण त्याला शिकवणार? तो खंगत चालला, हातापायांच्या शिरा दिसू लागल्या. बुद्धांच्या ते ध्यानात आले. त्यांनी भिक्षूंना विचारले, की या माणसाने कोणावर कधी काही उपकार केल्याचे कोणाला आठवते काय? सगळे गप्प. मग सारिपुत्त, जो संघातला सर्वांत बुद्धिमान मानला जाई, पुढे येऊन म्हणाला, की मला आठवते. मी एकदा राजगृहात भिक्षेला फिरत असताना यांनी मला पळीभर अन्न वाढले होते. आणि त्या पळीभर अन्नाच्या आठवणीवर सारिपुत्ताने त्या म्हाताऱ्याचे उपाध्यायपण पत्करले.

टीकाग्रंथ पुढे सांगतो की राध वयाने म्हातारा पण दीक्षेने सर्वांत धाकटा. त्यामुळे पंगतीत शेवटची जागा, हाती येणारे अन्नही तसेच. सारिपुत्त आपल्या ज्येष्ठपणामुळे मिळालेले आसन आणि अन्न त्याला देई आणि स्वतः पुन्हा भिक्षेला जाई. राध चांगला शिष्य निघाला. चूक दाखवली तर रागावत नसे. सारिपुत्ताचेही तसेच होते. स्वतःला ज्याच्यामुळे धर्माची वाट सापडली त्या अस्सजी भिक्षूची दिशा तो जन्मभर विसरला नाही. अस्सजी ज्या बाजूला असेल त्या बाजूला उशी करून तो झोपत असे, अशी कथा आहे.

ही गोष्ट मी वर्गात बरेचदा सांगतो. पण जी गोष्ट मी वर्गात सांगत नाही ती आज सांगतो.

तेरा-चौदा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात याच भागातला एक मुलगा होता. दुसऱ्या वर्षाला. हुशार नव्हे, पण नेटका. त्या वर्षी त्याच्या घरचा कांदा बाजारात गेला आणि आडत्याच्या पट्टीत भाडे, हमाली, तोलाई वजा जाऊन हाती जवळजवळ काही उरले नाही. त्यात वडील अंथरुणाला. मुलगा परीक्षेत दोन विषयांत राहिला आणि माझ्याकडे आला. मी त्याला समोर बसवले आणि अर्धा तास बोललो. थोर पुरुषांची उदाहरणे दिली, संकटातच माणूस घडतो वगैरे सांगितले. तो "हो सर, हो सर" म्हणत होता. गेला तो पुन्हा वर्गात आला नाही.

आता यात खरी गोष्ट अशी की मी स्वतः एम. ए.च्या पहिल्या वर्षाला नापास झालो होतो. आईच्या आजारपणात. एक वर्ष घरी बसलो होतो आणि लोक विचारतील म्हणून एस. टी. स्टँडवरसुद्धा जात नव्हतो. हे मी त्या मुलाला सांगितले नाही. का नाही? तर शिक्षकाने असे सांगितले तर मान राहत नाही, असे मला वाटले. पुढे काही वर्षांनी तो मला नारायणगावच्या स्टँडवर भेटला. टेम्पो चालवत होता, तब्येत चांगली होती, चहा पाजल्याशिवाय त्याने मला सोडले नाही. म्हणाला, "सर, तुम्ही त्या दिवशी बोललात ते सगळं बरोबर होतं." हे वाक्य मला अजून टोचते. सगळे बरोबर होते, आणि त्याच्या काही कामाचे नव्हते.

वर्षावास संपला की भिक्षूंचा एक विधी असे. पवारणा म्हणत त्याला. सगळे एकत्र बसत, आणि एकेक भिक्षू उकिडवा बसून, हात जोडून संघाला विनवी की माझ्या हातून काही दोष घडलेला तुम्ही पाहिला असेल, ऐकला असेल, किंवा तुम्हाला तशी शंका असेल, तर कृपा करून मला सांगा, मी सुधारीन. आणि याची सुरुवात कोणापासून? सर्वांत थोरापासून. धाकट्यांची पाळी मागून. लेण्याद्रीच्या या बिनखांबाच्या मंडपात पावसाळा सरताना माणसे अशीच बसली असतील, असे मला तिथे उभे राहिले की वाटते. तीन महिने ज्याच्या धाकात काढले तो म्हातारा पहिल्यांदा हात जोडून विचारतो आहे, की माझे काय चुकले? त्यानंतर नव्या पोराला आपली चूक बोलायला किती सोपे गेले असेल!

आजाऱ्याचीही एक हकिकत विनयात आहे. एक भिक्षू हगवणीने आपल्याच घाणीत पडला होता. बुद्ध आणि आनंद फिरत फिरत तिथे आले. इतर भिक्षू त्याच्याकडे पाहत नव्हते. का, तर तो कोणाच्या उपयोगी पडत नसे म्हणून. बुद्धांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, एकाने डोक्याकडून, एकाने पायांकडून उचलून खाटेवर ठेवले. मग त्यांनी भिक्षूंना बोलावून सांगितले की इथे तुम्हाला आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर कोण करणार? पुढे चांगल्या शुश्रूषकाची लक्षणेही दिली आहेत. औषध तयार करता यावे, पथ्य-कुपथ्य कळावे, लोभाने करू नये, मलमूत्राची, ओकारीची किळस करू नये. आणि पाचवे, आजाऱ्याला अधूनमधून बोलून उभारी देता यावी. उपदेशाचा क्रमांक पाचवा आहे, हे शिक्षकांनी पाहून ठेवावे.

जुन्नरच्या एका लेखात गावातल्या भिक्षुणींच्या उपाश्रयाचा उल्लेख येतो, धम्मुत्तरीय शाखेच्या. म्हणजे या भागात बायकांचाही संघ होता. त्यांच्यात कोणाच्या गोष्टी सांगितल्या जात असतील? पटाचारेची नक्कीच असेल. नवरा सर्पदंशाने गेला, दोन मुले नदी ओलांडताना एकाच दिवशी हातची गेली, माहेरी आली तर घर कोसळून आईबाप आणि भाऊ मेलेले. बाई वेडी झाली, अंगावर वस्त्र राहिले नाही, लोक दगड मारीत. बुद्धांनी तिला बहीण म्हणून हाक मारली, भानावर ये म्हटले; कोणी अंगावरचे उपरणे टाकले. पुढे हीच पटाचारा भिक्षुणींत मोठी झाली, आणि जुन्या भिक्षुणींच्या काव्यसंग्रहात अशा कितीतरी बायका आहेत ज्या आपल्याला वाट दाखवणारी म्हणून पटाचारेचे नाव घेतात. त्यांतल्या पुष्कळ जणींची मुले गेलेली होती. त्या दुसऱ्या कोणाकडे न जाता हिच्याकडे का आल्या, हे कोणत्याही आईला विचारा.

आता दोन हजार वर्षे मागून सव्वाशे-दीडशे वर्षांवर येऊ. दूर जायचे नाही. लेण्याद्रीहून पूर्वेला थोड्याच अंतरावर ओतूर आहे. श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराच्या तांदळाच्या पिंडी पाहायला तुम्ही जात असाल. तिथेच तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी दाखवतात. पण मला ओतूर आठवते ते एका पत्रासाठी. पत्र सावित्रीबाई फुले यांनी पुण्याला जोतीरावांना लिहिलेले आहे आणि त्यावर तारीख आहे २० एप्रिल १८७७. १९८८ साली डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात ते सगळ्यांना वाचायला मिळाले.

१८७६ चा पाऊस गेला होता. दुष्काळ असा की माणसे गावे सोडून चालली होती, गुरे टाचा घासून मरत होती, रानात चारा नाही, आडात पाणी नाही. दोनच वर्षांपूर्वी, १८७५ मध्ये, सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या, म्हणजे रोष आधीचाच होता. १८७३ साली स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाची माणसे जुन्नरच्या भागात दुष्काळाच्या कामाला लागली होती आणि सावित्रीबाई ओतूरला येऊन राहिल्या होत्या. वय ४६. त्या पत्रात सगळे लिहितात: लोकांचे हाल, सावकारांचे वागणे, त्यातून उसळलेला दंगा. पन्नास सत्यशोधकांना पकडण्यात आले. कलेक्टरने सावित्रीबाईंना बोलावले, तेव्हा त्यांनी या मंडळींवर खोटा आळ आला आहे असे समोरासमोर सांगितले. माणसे सुटली, आणि कलेक्टरने चार गाड्या जोंधळाही पाठवला, असे त्या लिहितात.

हे पत्र इथे का सांगितले? एक तर ते कोण कोणाला लिहिते आहे ते पाहा. सावित्रीबाई लग्न होऊन आल्या तेव्हा निरक्षर होत्या. जोतीरावांनी त्यांना घरी शिकवले. मग त्या शिकवण्याचे शिक्षण घेऊन १८४८ पासून पुण्यात मुलींना शिकवू लागल्या. म्हणजे हे शिष्येने गुरूला लिहिलेले पत्र. आता ती शिष्या पन्नास कार्यकर्त्यांची पाठराखण करते आहे, कलेक्टरशी बोलते आहे. आणि पत्राच्या शेवटी गुरूलाच धीर देते आहे, की तुमच्या या कामात माझी साथ कायम राहील.

त्यांचे आणखी एक पत्र आहे, त्याच्या आधीचे, १० ऑक्टोबर १८५६ चे, माहेराहून, नायगावहून लिहिलेले. तेव्हा त्या आजारातून उठत होत्या. पुण्यातल्या शाळांचा भार त्यांची सहकारी फातिमा हिच्यावर पडला होता. त्या जोतीरावांना लिहितात की फातिमाला माझ्यामुळे फार त्रास पडत असेल. पण ती कुरकुर करणार नाही. शिक्षकमित्रांनो, रजेवर असताना आपल्या जागी काम करणाऱ्या सोबतिणीची काळजी पत्रात लिहिणारा शिक्षक आपण किती पाहिला आहे? त्याच पत्रात भावाशी झालेला वादही आहे. तुम्ही दोघे जातीला काळे फासता, असे भाऊ म्हणाला होता. तो वाद त्यांनी लपवला नाही, आजारपणही लपवले नाही. ज्या बाईवर रस्त्यात शेण-चिखल फेकला गेला तिने आपल्या विद्यार्थिनींना आणि सोबतिणींना धीर दिला तो अशा उघडेपणाने.

त्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवले. पुढे जोतीराव १८९० मध्ये गेले. सावित्रीबाईंनी आणि जोतीरावांनी एका विधवेचा मुलगा दत्तक घेऊन वाढवला होता. यशवंत त्याचे नाव. तो शिकून डॉक्टर झाला. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा सावित्रीबाईंनी त्याच्याकरवी शहराबाहेर, ससाणे यांच्या माळावर, दवाखाना काढवला. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका मुलाला प्लेग झाल्याचे कळले, तेव्हा ६६ वर्षांची ही बाई त्याला उचलून दवाखान्यात घेऊन आली. मुलगा वाचला. त्यांना मात्र प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. यशवंतही पुढे, १९०५ मध्ये, प्लेगच्या रोग्यांचे करता करता गेला.

पुन्हा लेण्याद्रीकडे. शाळेची सहल काढाल तेव्हा एवढे करा. दर्शन उरकून मुलांना पाच-पाचच्या गटाने बाजूच्या खोल्यांत पाठवा. सगळी एकदम गेली तर गडबड होते. गोंगाट करू नका म्हणून सांगावे लागणार नाही, आत गेली की ती आपोआप हळू बोलू लागतात. त्यांना राध ब्राह्मणाची गोष्ट सांगा, पळीभर अन्नाची. आणि वेळ असला तर परतताना गाडी ओतूरला वळवा. कपर्दिकेश्वराच्या देवळाजवळ मांडवी नदीकाठी मुलांना डबे सोडून बसता येईल एवढी जागा आहे. तिथे १८७७ च्या पत्राची हकिकत सांगता येईल. मी गेल्या वर्षी तसे केले. एका मुलाने विचारले, "सर, कलेक्टरपुढे बोलताना त्यांना भीती वाटली नसेल का?" मी त्याला म्हणालो की वाटलीच असेल, मला वर्गात पहिल्या दिवशी बोलताना वाटली होती. मग त्याने आपल्याला कशाची भीती वाटते ते सांगितले. ते मी इथे सांगत नाही.